रोडपालीच्या बाईची साक्ष

आई, गेल्या रविवारी मी रोडपालीला जाऊन आले. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ती म्हातारी अजून आहे. तिच्या मुलाला तू सुई टोचून मारलंस असं सगळं पनवेल म्हणत होतं, आणि तिनंच इस्पितळाच्या ओसरीवर उभं राहून, या बाईनं मारलं नाही, असं सांगितलं होतं. तिला आता फार कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. मी तिला एक प्रश्न विचारायला गेले होते. तो मला विचारता आला नाही. उलट तिनंच मला एक विचारला. त्याला मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायचं आहे, पण सगळं क्रमानं लिहिल्याशिवाय माझ्याकडून ते लिहून होणार नाही. ही माझी सवय तुला माहीत आहे. तू तिला हट्ट म्हणायचीस.

म्हणून आधी ती खोली. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, विहिरीकडे तोंड असलेली, धनुर्वाताच्या रोग्यांची. खिडक्यांना काळं कापड, दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल, आत एक खाट. धनुर्वाताच्या माणसाला उजेडाची तिरीप लागली, भांडं वाजलं, नुसता हात लागला, तरी अंगाला झटका येतो आणि शरीर कमानीसारखं उलटं वाकतं. म्हणून तू तिथे अनवाणी वावरायचीस. रोग्याच्या कानात कापूस घालायचीस. झोपेचं औषध टोचायचीस, त्या औषधाला इतका उग्र वास होता की तो तुझ्या लुगड्यातून आपल्या स्वयंपाकघरात यायचा आणि माझ्या भाताला लागायचा. खोलीचा सगळ्यात कडक नियम पाण्याचा. तोंडानं थेंबभरही द्यायचं नाही. पोटात जायचं ते नाकातल्या नळीनं, आणि ओठ नुसते ओल्या कापसानं पुसायचे. नातेवाइकांनी दारातून पाहायचं आणि ओसरीवर बसायचं. एकदा तू कामाची पाळी संपवून घरी आलेली असताना माझ्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं. तू येऊन माझं मनगट धरलंस आणि अगदी खालच्या आवाजात म्हणालीस, "तिकडे हा आवाज झाला असता, तर माणूस गेला असता." मी तेव्हा लहान होते. त्या दिवसापासून मी कुठलीही वस्तू ठेवताना आधी तिची कड टेकवते आणि मग ती सोडते. प्रयोगशाळेत माझ्या या सवयीचं कौतुक होतं. तिचं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता बाहेरच्या माणसाला काय दिसत होतं ते पाहा. शेतकरी, मिठागरातला मजूर, कधी डोंगराकडचा कातकरी, दातखीळ बसली आहे म्हणून आपल्या पायांनी येतो. त्याला अंधारात घेऊन जातात, कान बंद करतात, सुई टोचतात. तो गप्प होतो. त्याची माणसं, त्याला पाणी तरी द्या, म्हणून विनवतात आणि बाई नाही म्हणते. मग केव्हातरी पांढऱ्या कापडात बांधून तो बाहेर येतो. त्या काळात वाचणारे फार थोडे होते. मी आज बाहेरून पाहिलं तर मलाही तेच दिसेल. त्या वर्षी भातकापणीनंतर एकामागून एक रोगी गेले आणि बोलणं उघड सुरू झालं. डॉक्टर मुंबईला मढी पुरवतो, तिथे ती फाडून विद्यार्थ्यांना दाखवतात, आणि इथे माणूस मारायचं काम नर्सबाई करते. विहिरीवर बायका तुझी घागर भरून होईपर्यंत लांब उभ्या राहू लागल्या. दारावर येणारी कोळीण पाटी उतरवून आधी आपल्याकडे तांब्याभर पाणी प्यायची, तिनं एक दिवस नुसतीच मान हलवली आणि पुढे गेली. शाळेत एका मुलीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, तुझी आई आज कुणाला निजवणार. मुली हसल्या. मीही थोडी हसले, कारण न हसणं अधिक धोक्याचं वाटलं.

तुला एक गोष्ट कळली होती, पण तू कधी बोलली नाहीस. मी तुला घाबरू लागले होते. मला ताप आला होता आणि तू पेल्यात औषध कालवून दिलंस. तू पाठ फिरवल्यावर मी ते मोरीत ओतलं. मोरीच्या दगडावर लाल डाग राहिला, तो तू पाहिलास. संध्याकाळी तू पुन्हा औषध कालवलंस, आधी स्वतः एक घोट घेतलास, गिळलास, आणि मग पेला माझ्यापुढे धरलास. मी प्याले.

आणि मग रोडपालीचा तो मुलगा आला. लग्न ठरलेला, मिठागरात काम करणारा, पायाच्या जखमेवर शेण आणि हळद बांधलेली. त्याची आई ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, इतर नातेवाइकांसारखी रडायची नाही, भांडायची नाही. तो टिकला. रोज सकाळी तो असेल का अशी मला धास्ती असायची, कारण तोवर मला गणित समजलं होतं: आणखी एक गेला की आपलं काय होईल, हे बाजारात लोक उघड बोलत होते. आणि तो रोज असायचा. एक दिवस सकाळी तू तांदूळ निवडताना, माझ्याकडे न पाहता, म्हणालीस की त्याचा जबडा सुटायला लागलाय, आज दोन बोटं आत गेली. तुझ्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला आनंद म्हणायला हरकत नाही. त्याच दिवशी दुपारी तो गेला.

शाळा सुटून मी आले तेव्हा तू घरात होतीस आणि रस्त्यावर माणसं जमत होती. रोडपालीची होती, बाजारातली होती, ज्यांची माणसं आधी गेली होती तीही होती. डॉक्टरांनी फाटक लावून घेतलं आणि पोलीसचौकीवर माणूस पाठवला. आपली राहायची खोली फाटकाच्या आत असली तरी तिची मागची भिंत रस्त्याला लागून होती. तू दाराला कडी घातलीस, मला पिठाच्या डब्यामागे बसवलंस. बाहेरून तुझं नाव नाही, नुसतं, "तिला भायेर काढा," असं ऐकू येत होतं. कौलांवर दगड पडू लागले. तू उठलीस, कापसाची गुंडाळी आणलीस, आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर बसून माझ्या कानांत कापूस घालू लागलीस. आई, मला ते ऐकू येऊ नये म्हणून तू ते करत होतीस हे मला आज कळतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच माहीत होतं की तू हे कुणाला करतेस. मी ओरडले नाही. मी डोळे मिटून सुईची वाट पाहत बसले. तू मला जवळ घेतलंस तेव्हा माझं अंग ताठ झालं, आणि तुझे हात एकदम थांबले. तू मला सोडून भिंतीशी जाऊन बसलीस. पोलीस येईपर्यंत आपण तशाच होतो, दोन भिंतींना दोघी.

चौकशी ओसरीवर झाली. अलिबागहून मोठे डॉक्टर आले होते, फौजदार होते, आपले डॉक्टर होते, आणि फाटक उघडं ठेवल्यामुळे अंगण माणसांनी भरलं होतं. मी आपल्या दाराआडून पाहत होते. आरोप साधा होता, नर्सनं जाणूनबुजून जास्त औषध टोचून रोगी मारले. तू उभी होतीस आणि विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होतीस. किती औषध दिलं, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून. तुझी उत्तरं बरोबर होती आणि त्यांचा कुणावरही परिणाम होत नव्हता. मग त्या बाईला पुढे बोलावलं. तिचा दीर तिच्या कानाशी काही सांगत होता, तिनं त्याचा हात बाजूला केला. ती फौजदाराकडे न पाहता अंगणातल्या माणसांकडे पाहून बोलली.

"या बायनं माज्या पोराला मारला नाय. मना आत घेतला. माज्या हातानं त्याच्या तोंडान पानी घालू दिला. तुमच्या पोरांना कोनी पानी दिला होता? माजा पोर तहानेला नाय गेला. ही कशाला मारल त्याला?"

मग मागच्या बाजूनं एकेक माणूस निघू लागला. एक म्हातारा तुझ्यासमोर येऊन हात जोडून गेला. मला इतकं हलकं वाटलं की मी दाराच्या चौकटीवरच बसले. फक्त दोन गोष्टी मी पाहिल्या आणि त्यांचा अर्थ मला लागला नाही. आपल्या डॉक्टरांनी तिचं बोलणं ऐकून झटकन तुझ्याकडे पाहिलं आणि मग कितीतरी वेळ ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले. आणि तू, जिला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, तू पदराचं टोक तोंडात धरलंस.

त्यानंतर पनवेलमध्ये तुझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. कोळीण पुन्हा पाणी पिऊ लागली. रोडपालीहून सुकी मासळी आणि टोपलीभर मीठ आलं. मीठ तू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात देऊन टाकलंस, मासळी कोळणीला. त्या खोलीत तू काम करत राहिलीस, पण घरी त्या रोग्यांबद्दल पुन्हा कधी बोलली नाहीस. पुढे चार पावसाळ्यांत तू पोटाच्या दुखण्यानं गेलीस. शेवटच्या दिवशी मी तुझ्या तोंडाशी पाण्याचा चमचा नेला आणि तू मान वळवलीस. पोटाच्या त्या दुखण्यात माणसं पाणी नको म्हणतात. हे मी वाचलं आहे, पाहिलंही आहे. तरी लिहिते आहे.

मी मुंबईला शिकले, आणि आता जिथे घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचं प्रतिविष करतात तिथे ते तपासायचं काम करते. पहिल्याच वर्षी वर्गात शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सहज, पुढच्या मुद्द्याकडे जाता जाता, एक वाक्य सांगितलं. जबडा सुटू लागला तरी गिळण्याचे स्नायू मोकळे झालेले नसतात, आणि चमचाभर पाण्यानंही घशाला झटका येऊन रोगी गुदमरून मरतो. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं. मग माझ्या हातून टाक निसटला. त्या बाईनं तुला सोडवण्यासाठी जे सांगितलं होतं, तोच तुझ्याविरुद्धचा एकमेव पुरावा होता. ओसरीवरच्या डॉक्टरांना ते त्याच क्षणी कळलं होतं. तुलाही कळलं होतं. थेंबभरही द्यायचं नाही, हा नियम तूच सगळ्यांना शिकवला होतास.

तेव्हापासून मी या गोष्टीला घाबरते. उंदराला धनुर्वाताचं विष आणि सोबत प्रतिविष टोचून आम्ही ठेवतो. प्रतिविष कमी पडलं तर आधी शेपटी ताठ होते, मग मागचे पाय, मग नुसत्या टिचकीनं अंग वाकतं. ते पाहून नोंदवायचं हे माझं काम आहे आणि माझा हात कधी कापत नाही. पण प्रत्येक वेळी मी मनात तुझ्यापर्यंत येते. तू पाणी का देऊ दिलंस? तो जातोय असं वाटून, जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात तसं? तो बरा होतोय असं वाटून, जबडा सुटला तसा घसाही सुटला असेल असं धरून? की तू इतकी माणसं त्या अंधारात वाकताना पाहिली होतीस की एका दुपारी तुला पुरे झालं, आणि काय होईल हे पूर्ण माहीत असताना तू दार उघडलंस? तिसरं असेल तर कौलांवर दगड मारणारी माणसं खरं बोलत होती. फक्त त्यांनी सुईचं नाव घेतलं, एवढाच फरक.

म्हणून मी रोडपालीला गेले. ते पाणी कुठलं होतं एवढंच मला हवं होतं. गंगेचं आणि तुळशीच्या पानाचं असेल तर तू त्याला मरता समजलीस. आणि साधं असेल तर उरलेल्या दोन्ही शक्यता राहतात, पण निदान एक कमी होते. ठाण्यावरून वळसा घालून येणाऱ्या एस.टी.नं उतरले, खारीच्या बांधावरून चालत गेले. वाटेत मला एकदम कळलं की हा प्रश्न विचारण्यात काय धोका आहे. पाण्याबद्दल इतक्या वर्षांनी कुणी मुंबईहून का विचारायला येईल, हे तिला कळल्याशिवाय राहणार नाही. मी बांधावर थांबले. परत फिरणार होते, पण तिच्या सुनेनं मला पाहिलं होतं.

म्हातारी अंगणात सुकत घातलेली मासळी राखत बसली होती. कोनाची गो तू, म्हणाली. मी सांगितलं. तिनं माझा हात चाचपला, मग चेहरा. तुझ्यासारखे हात आहेत म्हणाली, थंड. सुनेला चहा टाकायला लावला, मी अजून लग्न का केलं नाही म्हणून दटावलं, आणि इतकं शिकून उंदीर मारते हे ऐकून हसली. मग मी न विचारताच त्या दिवसाबद्दल बोलू लागली. ती म्हणाली की तिनं पाणी मागितलंच नव्हतं, मागून मिळत नाही हे तिला माहीत होतं. तूच बाहेर आलीस, ओसरीवरच्या माठातून पेला भरलास, तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, तहानलाय तो, तुझ्या हातानं दे. पहिले दोन घोट नीट गेले. तो आये म्हणाला. तिसऱ्या घोटाला झटका आला. तू त्याच्यावर झेपावलीस, त्याला कुशीवर वळवलंस, डॉक्टरांना हाक मारलीस, इतक्या मोठ्यानं की त्या खोलीत तसा आवाज कुणी कधी केला नव्हता.

मी ऐकत होते. गंगेचं नव्हतं, तुळशीचं नव्हतं, माठातलं होतं. मला हवं होतं ते न विचारता मिळालं होतं. मी उठायला लागले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. सून आत होती. ती हळू बोलली.

"तू शिकलेली हाईस म्हनून इचारते. कोनाला इचारला नाय आजवर. पानी बाधला काय गो त्याला? मी दिलेला?"

तिच्या बोटांना मिठानं पडलेल्या भेगा होत्या. कळलं ना, आई? ती सगळी वर्षं ती ह्या प्रश्नापाशी बसली होती, मी जिथे बसले होते तिथेच. आजारानं गेला, असं मी म्हणाले असते तर तिला ते पटलं नसतं. ते तिनं आधीच शंभरदा ऐकलं असणार. तिला दुसरं काहीतरी हवं होतं, ज्यानं पाण्याला जागा उरणार नाही.

मी म्हणाले, "नाही. पाण्यानं काही झालं नाही. सुईत औषध जास्त झालं होतं."

तिनं माझं मनगट सोडलं नाही. म्हणाली, म्हणजे लोक बोलत होते ते खरं होतं. मी हो म्हणाले. तिचा चेहरा कठीण झाला, आणि त्याच वेळी तिचे खांदे खाली आले, जसं डोक्यावरून काही उतरवल्यावर येतात. मग तिनं विचारलं, "मुद्दाम?"

"मुद्दाम नाही," मी म्हणाले. "चूक झाली तिची."

तिनं मला चहा पिऊ दिला, पण पुन्हा ये म्हणाली नाही. मी बांधावर पोचेपर्यंत तिनं सुनेला सांगितलं असेल, सुनेनं विहिरीवर. आता रोडपालीत आणि मग पनवेलमध्ये तू पुन्हा तीच बाई आहेस, आणि या वेळी साक्ष तुझ्या मुलीची आहे. बाजारात मला ओळखणारे थोडे आहेत, तरी येताना मी पदर डोक्यावरून घेतला होता. एस.टी.त माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझं अंग त्या दिवसासारखं ताठ झालं.

हा कागद टपालात टाकायचा नाही. तरी खोटं राहू नये म्हणून लिहिते. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सुईची, खोटी आहे हे मला माहीत होतं, आणि ती मी तिच्यासाठी बोलले. दुसरी, तू मुद्दाम केलं नाहीस ही, खरी की खोटी हे मला अजून माहीत नाही, आणि ती मी तिच्यासाठी बोलले नव्हते.